एकच घ्या, पण सगळ्याला चालंल अशी

चाकं असलेली वस्तू घरात आणताना आबांना विचारलंच पाहिजे, असा हिंगोलीकडच्या गोरेगावात काही नियम नाही. पण न विचारता आणलेली वस्तू आठवड्याभरात बिघडते, असा गल्लीचा अनुभव आहे. कारण आबा ती उघडून बघतात. सायकल, फवारणीचा पंप, शिलाई मशीन, शेजारच्या पोराची रिमोटवाली जीप, सगळ्यांच्या आत काय आहे ते आबांना माहीत आहे. एसटीच्या वर्कशॉपात तीस वर्षं नटबोल्ट आवळून निवृत्त झालेला माणूस खरं तर निवृत्त होतच नाही. त्याचं फक्त गिऱ्हाईक बदलतं.

असे आबा काही एकट्या गोरेगावात नाहीत. सेनगाव, कळमनुरी, रिसोड, जिंतूर, कुठल्याही आठवडी बाजारात ते दिसतात. ओळखायची खूण सोपी आहे. दुकानदारानं भाव सांगण्याआधी ते वस्तू उलटी करून तिचं बूड बघतात. भाव ऐकल्यावर काही बोलत नाहीत, नुसतं "हं" म्हणतात, आणि त्या एका "हं"पायी दुकानदार आपण होऊन पन्नास रुपये कमी करतो. तरीही आबा घेत नाहीत. चौकशी करू, म्हणतात. कूलरची चौकशी मार्चमध्ये सुरू होते आणि जूनमध्ये पहिला पाऊस पडला की "आता काय करायचा?" म्हणून संपते. हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा निघाला १ मे १९९९ रोजी. आबा अजून बोलताबोलता "आपल्या परभणी जिल्ह्यात" म्हणून जातात. त्या बाबतीतली त्यांची चौकशी बहुधा चालू आहे.

तर अशा माणसाच्या घरात बाबागाडीचा विषय निघाला.

विषय निघायला कारणही तसंच होतं. थोरला मुलगा गावातच, शेती आणि खताबियाण्याचं दुकान. त्याला अडीच वर्षांची मुलगी आणि नुकताच सव्वा महिना पूर्ण होऊन माहेराहून आलेला मुलगा. धाकटा पुण्याकडं चाकणच्या कंपनीत. त्याच्या बायकोला सहावा महिना. म्हणजे वर्षभरात घरात तीन लेकरं. ही बेरीज ज्या दिवशी आबांनी केली, त्याच दिवशी धाकट्या सुनेनं घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका गाडीची लिंक टाकली. खाली लिहिलं होतं, 'ताई, ही बघा.' ताईंनी, म्हणजे थोरल्या सुनेनं, बघितली, त्यांना आवडली, त्यांनी अंगठा दाखवला. वास्तविक प्रश्न इथंच मिटायला हवा होता. पण ग्रुपमध्ये आबाही होते.

"एकच घ्या," आबांनी निकाल दिला, "पण सगळ्याला चालंल अशी घ्या."

सगळ्याला म्हणजे कशाकशाला, याची यादी मग दोन दिवस वाढत गेली. तान्ह्याला आडवं झोपता आलं पाहिजे. मोठीला बसता आलं पाहिजे. पुढच्या वर्षी पुण्याचं लेकरू आलं की त्यालाही पुरली पाहिजे. सिमेंटच्या रस्त्यावर चालली पाहिजे आणि शेताच्या पांदीवरही. एसटीत चढली पाहिजे, ऑटोत मावली पाहिजे, औंढ्याला आणि नर्सीला नेता आली पाहिजे. उन्हाळ्यात सावली, पावसाळ्यात ताडपत्री. आणि लेकरं मोठी झाल्यावर, हे आबा जरा हळू आवाजात म्हणाले, खताची गोणी ओढायला कामी आली पाहिजे.

हा शेवटचा मुद्दा मुलानंच खोडला. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक साध्या गाड्या पंधरा किलोच्या बोलीवर बनवलेल्या, आणि युरियाची गोणी पन्नासाची पंचेचाळीस झाली तरी ती पंचेचाळीसच. आबांनी तेवढ्यापुरती माघार घेतली. मात्र "पंधरा किलो कंपनी सांगती, म्हंजी वीस धरतच असंल," हे त्यांनी ऐकवून ठेवलं. एसटीत आयुष्य काढलेल्या माणसाचा 'आसनक्षमता' या शब्दावर विश्वास कसा बसावा?

किंमत आबा रुपयांत मोजत नाहीत. सोयाबीनमध्ये मोजतात. २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. म्हणजे साधी घडीची गाडी एक क्विंटलच्या आसपास पडते, आणि जिचा पाळणा वेगळा निघतो, बैठक उलटसुलट बसते, मोटारीतली खुर्चीही वर अडकवता येते, अशी परदेशी थाटाची गाडी पाच-सहा क्विंटलांना. "हमीभाव मिळाला तर," हे शब्द आबा दर वेळी वरच्या पट्टीत म्हणतात. मग आजींनी वेगळाच पेच टाकला. पहिल्या बाळंतपणाचा पाळणा मामाकडून येतो, बाळंतविडा माहेराहून येतो; मग गाडी कोणाकडून? व्याह्यांना हा प्रश्न कळला तेव्हा त्यांच्या फोनची रेंज गेली, ती दोन दिवस आली नाही.

आबांची चौकशी मग रीतसर सुरू झाली. तिला एक मदतनीस मिळाला, भाच्याचा मुलगा, हिंगोलीला कॉलेजात शिकणारा. तो मोबाइलवर वाचून दाखवायचा आणि आबा ओट्यावर बसून ऐकायचे. कुठलीही गोष्ट मुळापासून कळल्याशिवाय तिच्यावर मत द्यायचं नाही, हा आबांचा बाणा. त्यामुळे चौकशी थेट १७३३ सालात गेली.

त्या साली इंग्लंडात विल्यम केंट नावाच्या वास्तुरचनाकारानं डेव्हनशरच्या तिसऱ्या ड्यूकच्या मुलांसाठी शिंपल्याच्या आकाराची एक छोटी गाडी तयार केली. ती माणसानं ढकलायची नव्हती. पुढं शेळी किंवा लहान तट्टू जुंपायचं होतं. हे ऐकल्यावर आबा उठून बसले. दोन शेळ्या मागच्या अंगणात होत्याच. पुढचा अर्धा तास या एका शक्यतेवर गेला: जू कुठं बसवायचं, शेळी कडुनिंबाखाली थांबली तर काय, समोरून कुत्रं आलं तर काय. शेवटी आजी आतून म्हणाल्या, "मंग लेकराला दूध कशाचं पाजायचं, गाडीचं?" शेळी सुटली.

त्यानंतर १८८९. अमेरिकेत बाल्टिमोरच्या विल्यम रिचर्डसन यांनी एक पेटंट घेतलं. त्यांच्या गाडीतला पाळणा फिरवता येई, म्हणजे बाळाचं तोंड हवं तर रस्त्याकडं, हवं तर ढकलणाऱ्याकडं. शिवाय चाकं एकमेकांत न अडकता वेगवेगळी फिरत, त्यामुळं गाडी जागच्या जागी वळे. सव्वाशे वर्षांहून जुनी ही सोय गोरेगावात अगदी ताज्या भांडणाला कारण झाली. आबांचं म्हणणं, लेकराचं तोंड पुढं पाहिजे, त्याला जग दिसलं पाहिजे. आजींचं म्हणणं, जगाला लेकरू दिसतं त्याचं काय? दृष्ट लागते, धूळ जाते, आणि त्याची माय कुठं गेली म्हणून ते रडतं ते वेगळंच. आता खरं सांगायचं तर पहिल्या काही महिन्यांपुरतं आजींचंच बरोबर आहे. तान्ह्या बाळाला जगापेक्षा आईचं तोंड जास्त कामाचं. पण आजींनी कारण दृष्टीचं दिलं, त्यामुळं आबांना ते अशास्त्रीय वाटलं आणि मुद्दा प्रलंबित राहिला.

खरा जीव जडला तो ओवेन मॅक्लॅरेन यांच्यावर. हा गृहस्थ विमानांचा इंजिनिअर, दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या सांगाड्यावर काम केलेला. निवृत्तीच्या वयात त्यांना नात झाली. तिला घेऊन मुलगी परदेशाहून आली की तिची बोजड बाबागाडी प्रवासात कशी छळते हे त्यांनी बघितलं. मग विमानाच्या चाकांची घडी घालणाऱ्या हातांनी ॲल्युमिनियमच्या नळ्यांची एक गाडी बनवली, छत्री मिटावी तशी मिटणारी. १९६५ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला, दोन वर्षांत ती बाजारात आली. वजन तीन किलोंहून कमी. आज सेनगावच्या बाजारात कोणी घडीची बाबागाडी ढकलताना दिसलं, तर तिच्या वंशावळीत कुठं तरी हे आजोबा आहेत.

"बगा," आबा घरात ओरडून म्हणाले, "वर्कशॉपचा माणूस होता!"

निवृत्त आजोबा, यंत्राचा जाणकार, नातवंडासाठी गाडी: आबांना आरसाच सापडला. पुढं दोन दिवस ते चहा पितानाही मॅक्लॅरेनचं उदाहरण देत होते. तिसऱ्या दिवशी भाच्याच्या मुलानं पुढचं वाचलं. २००९ साली त्याच नावाच्या कंपनीला अमेरिकेत सुमारे दहा लाख गाड्यांच्या बिजागऱ्यांना झाकणं पुरवावी लागली होती, कारण गाडी उघडताना लहान मुलांची बोटं सांध्यात सापडून शेंडे तुटण्याचे प्रकार घडले होते. आबा गप्प झाले. मग म्हणाले, "तेव्हा तो हयात नसंल." खरोखरच नव्हता. पण त्या दिवसापासून दुकानात, फोटोत, व्हिडिओत, कुठंही गाडी दिसली की आबा आधी बिजागरी बघू लागले, आणि हे मात्र त्यांनी अगदी बरोबर केलं. अडीच वर्षांच्या मुलीची बोटं कुठं जातील याचा अंदाज बांधणं कुठल्याच इंजिनिअरला जमलेलं नाही.

चाकांचा अध्याय सगळ्यात लांबला. शहरात खपणाऱ्या गाड्यांना पुढं लहान जोडचाकं असतात, चहूकडं फिरणारी, कडक प्लॅस्टिकची. मॉलच्या फरशीवर ती लोण्यात सुरी जावी तशी जातात. गोरेगावची जमीन काळी. पाऊस पडून दोन तास झाले की ही माती चपलेला धरते ती घरापर्यंत सोडत नाही. त्या दोन चाकांच्या मधल्या फटीत एकदा ती गेली की चाक फिरायचं थांबतं आणि बाबागाडीची घसरगाडी होते. म्हणजे मोठी चाकं हवीत. अमेरिकेत १९८४ च्या सुमाराला फिल बेक्लर नावाच्या पत्रकारानं मुलाला घेऊन पळायला जाता यावं म्हणून बाबागाडीला सायकलची चाकं बसवली, त्यातून तीन चाकांच्या मोठ्या गाड्यांचा एक वेगळा वाणच निघाला. खडबडीत रस्त्याला ती उत्तम. पुढचं चाक फिरतं ठेवता येतं आणि खाचखळगे आले की सरळ अडकवून टाकता येतं. पण तिच्या चाकात हवा असते आणि गोरेगावच्या पांदीला बाभळी आहेत. बाभळीचा काटा ट्रॅक्टरला सोडत नाही, तो ड्यूकच्या नातवाला काय सोडणार?

यावर फोमच्या भरीव चाकांचा तोडगा असतो. पंक्चर नाही, वजन मध्यम, धक्के थोडे जास्त. आबांनी तो मान्य केला, पण अंतःकरणापासून नाही. ज्या चाकाला पंक्चर होत नाही त्यात माणसाला करायला काय उरतं?

मग वजन. अंगणवाडीत दर महिन्याला लेकरं काट्याला लागतात. ही पद्धत २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेतून आलेली. आबा या वेळी स्वतः गेले. अंगणवाडीताईंकडून नातीचं वजन लिहून घेतलं, साडेबारा किलो. नातवाचं जन्मवजन विचारलं. बाळाचं वजन पाचेक महिन्यांत दुप्पट होतं आणि वर्षाला तिप्पट, हा ताईंचा ठोकताळा त्यांनी बिलबुकाच्या मागच्या पानावर उतरवला, आणि घरी येऊन सगळ्यांना ऐकवलं की नात जेमतेम वर्षभर गाडीत मावेल, नातू तीन वर्षं मावेल, मग पुण्याचं लेकरू लागेल, म्हणजे गाडी पाच वर्षं टिकली पाहिजे. थोरल्या सुनेनं हळूच सांगितलं, "मामा, ही तर आत्ताच बसत नाही. पळतीय दिवसभर." आबांनी ते ऐकलं नाही. त्यांचा हिशेब नुकताच जुळला होता.

इथं त्या सुनेविषयी दोन शब्द सांगायला हवेत, कारण या सगळ्या चौकशीत तिला कोणी काही विचारलं नव्हतं. गाडी ती ढकलणार होती. तिच्या एका काखेत लेकरू असणार होतं, दुसऱ्या हाताला मोठी लोंबकळणार होती, खांद्यावर दुपट्यांची पिशवी, आणि समोर एसटी सुटायला आलेली. तिची अट एकच होती: गाडी एका हातानं मिटावी आणि एका हातानं उचलता यावी. वजन सहा-सात किलोंच्या वर नको. आणि हँडल तिच्या उंचीला लागावं, आबांच्या नव्हे. हे तिनं एकदा बोलूनही दाखवलं. आबा म्हणाले, "ड्रायव्हरला इचारून कोणी बस बांधती का?" विनोद म्हणून बरा आहे. मराठवाड्यातल्या घराघरांत मिक्सर, शिलाई मशीन, गॅसची शेगडी आणि स्कूटी याच तत्त्वावर खरेदी झालेली आहे.

एसटीचा प्रश्न आबांच्या अखत्यारीतला. पाच वर्षांखालच्या लेकराला तिकीट नाही. महिलांना १७ मार्च २०२३ पासून अर्धं. पासष्टी ओलांडलेल्या आबांना अर्धं. "तिचं अर्धं, माझं अर्धं, लेकराचं फुकट," आबा बोटं मोजत म्हणाले, "आन ह्या चार चाकाचं पुरं लावलं त मंग?" म्हणून गाडी अशी पाहिजे की मिटून पायापाशी ठेवली तर कंडक्टरला छत्री वाटावी. लहान घडी होणारी गाडी आणि मोठी चाकं या दोन गोष्टी एकत्र मिळत नाहीत, हे जगातल्या सगळ्या कंपन्यांना कळलेलं सत्य आबांनी अजून स्वीकारलेलं नव्हतं.

औंढा नागनाथाचा मुद्दा मात्र त्यांनी स्वतःच मागं घेतला. तिथला गाभारा जमिनीखाली. अरुंद वाटेनं वाकून खाली उतरावं लागतं, तिथं माणूसच जेमतेम जातो. देवापुढं गाडी बाहेर ठेवायची, हे ठरलं. नर्सीला कयाधूच्या काठी संत नामदेवांच्या देवळापर्यंत जायला अडचण नव्हती. यात्रेत मात्र गाडी ढकलण्यापेक्षा गाडीसकट लेकरू डोक्यावर घेणं सोपं पडेल, असं थोरल्याचं मत पडलं.

आणि एक गोष्ट घरात कोणीच बोलत नव्हतं. घराची खरी बाबागाडी दारात उभी होती, शंभर सीसीची मोटरसायकल. टाकीवर नात, मागं सून, तिच्या मांडीवर तान्हं. १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू झालेल्या केंद्राच्या नियमाप्रमाणं चार वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर न्यायचं तर त्याला चालकाशी बांधणारा पट्टा हवा, नऊ महिन्यांवरच्याला हेल्मेट हवं, आणि वेग ताशी चाळिसाच्या वर नको. भाच्याच्या मुलानं हेही वाचून दाखवलं. आबांनी त्यातलं नेमकं एकच वाक्य उचललं: तो पट्टा तीस किलो पेलणारा असावा लागतो. "तीस! म्हंजी पट्टा गाडीच्या दुप्पट!" ते म्हणाले. नियम पाळण्याची गोष्ट त्या दिवशी पुढं सरकली नाही.

गाडी अखेर पुण्याहून धाकट्या सुनेनंच मागवून टाकली. साडेसहा किलो, भरीव चाकं, पाठ मागं जवळजवळ आडवी होणारी. आबांना सांगितलं तेव्हा पार्सल निघालेलं होतं.

पण पार्सल निघणं आणि गोरेगावला पोचणं यांत महाराष्ट्राचा भूगोल आहे. मुंबईत गोरेगाव आहे, ते सगळ्या देशाला माहीत. रायगडात मुंबई-गोवा रस्त्यावर गोरेगाव आहे. गोंदिया जिल्ह्यात गोरेगाव तालुक्याचं गाव आहे. आणि आपलं हे चौथं. कुरिअरवाल्या पोरीचा फोन आला, "सर, गोरेगाव ईस्ट की वेस्ट?" आबांनी सूर्याकडं बघून दिशा घेतली आणि सांगितलं, "मारुतीच्या पूर्वेला." त्यानंतर मोबाइलवर 'आपलं पार्सल गोरेगावला पोचलं आहे' असं आलं, तेव्हा आबा स्टँडवर जाऊन उभे राहिले. ते ४०० नं सुरू होणाऱ्या पिनकोडातलं गोरेगाव होतं, आणि इथला पिनकोड ४३१ नं सुरू होतो. खोकं उलटं फिरलं, हिंगोलीला आलं आणि तिथून थोरला ते मोटरसायकलवर बांधून घेऊन आला. म्हणजे बाबागाडीनं पहिला प्रवास टाकीवर बसून केला.

खोकं उघडायला अर्धी गल्ली होती. आबांनी पाना, पकड आणि ग्रीसचा डबा आधीच मांडून ठेवला होता. गाडीत जोडायला चार चाकं आणि एक दांडा एवढंच निघालं. कट् कट् आवाज झाला आणि संपलं. आबांच्या हातात पाना तसाच राहिला. मग ते तपासणीला लागले. भाच्याच्या मुलीच्या कंपासपेटीतला कोनमापक मागवला. सहा महिन्यांआतल्या बाळासाठी पाठ आणि बैठक यांच्यातला कोन निदान १५० अंशांचा हवा, असं युरोपातलं मानक सांगतं. तान्ह्याची मान धरलेली नसते, पाठ उभी असेल तर डोकं पुढं पडून श्वासाला अडथळा येतो. आबांनी गुडघे टेकले, कोनमापक बैठकीला लावला, एक डोळा मिटला. एकशेसत्तर. पुन्हा लावला. एकशेसत्तरच. "बसलं," ते नाइलाजानं म्हणाले.

पट्टा पाच ठिकाणचा: दोन खांद्यांवरून, दोन कमरेला, एक पायांमधून. तो खोलायचं लाल बटन आबांच्या अंगठ्याला दबेना. नातीनं दाबलं, सुटलं. ते बटन लेकरांना दाबता येऊ नये म्हणून कडक केलेलं असतं, अशी कंपनीची समजूत आहे.

मग घडी. आबांनी वरचा चाप ओढला, खालचा कडा दाबला, गाडी अर्धी वाकली आणि अडली. ती सरळ होईना, मिटेना. बिजागरीत बोट न घालण्याबद्दल महिनाभर व्याख्यानं दिलेला माणूस बिजागरीत डोळा घालून बघत होता. थोरली सून दारातून आली. काखेत लेकरू तसंच. तिनं पायानं मागची दांडी दाबली, एका हातानं चाप फिरवला आणि गाडी मिटून भिंतीला टेकवली. गल्लीनं टाळ्या वाजवल्या. आबा म्हणाले, "मी ढिली करून ठेवली व्हती."

आजींनी गाडीला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, चारही चाकांखाली लिंबं ठेवली. गाडी पुढं ढकलली तेव्हा तीन चिरडली आणि चौथं हलकं वाहन बघून बाजूला सरकलं. हँडलला लिंबू-मिरची बांधायची राहिली होती, ती दुसऱ्या दिवशी झाली. त्यानंतर हँडलला आणखी गोष्टी लटकू लागल्या: दुधाची किटली, कोथिंबीर, मेडिकलची पिशवी. बाजारातून येताना अडीच किलो कांदे लटकत होते आणि नात गाडीतून टुणकन उतरली. गाडी मागं उताणी. कांदे नालीपर्यंत गेले. हँडलचं ओझं बैठकीतल्या वजनानं तोललेलं असतं, ते वजन उतरलं की गाडी कलंडते, हे आबांनी सगळ्यांना कांदे वेचता वेचता समजावलं. त्यांनी आधी का नाही सांगितलं, असं कोणी विचारलं नाही. तोवर त्या पिशव्या त्यांनीच लटकवलेल्या होत्या.

उन्हाळा लागल्यावर आजी गाडीवर दुपटं पांघरायच्या. सावली होते, पण आत वारा कोंडतो आणि गाडी तापते. हिंगोलीच्या बालरोगतज्ज्ञांनी तसं बजावल्यावर दुपटं निघालं, छत्रीचा एक तुकडा आबांनी तारेनं बांधला. तो दिसायला भयंकर आहे, काम मात्र चोख करतो.

तान्हं त्या गाडीत किती बसतं? खरं उत्तर असं की घरात मांड्या पुष्कळ आहेत. आजीची, चुलतीची, शेजारणीची, दुपारी पत्ते खेळणाऱ्या म्हाताऱ्यांची. लेकरू एकीकडून दुसरीकडं जातं आणि गाडी रिकामी ओट्यावर उभी राहते. सुगीत शेतावर गेलं की बांधावरच्या लिंबाला झोळी बांधतात, तिथं ते दोन तास गाढ झोपतं. साडीचं कापड, दोर आणि वारा, पेटंट कोणाचंच नाही. पण थोरली सून हिंगोलीला दवाखान्यात किंवा बँकेत जाते त्या दिवशी गाडी तिच्याबरोबर असते. एका हातानं मिटते, ड्रायव्हरच्या मागं उभी राहते, कंडक्टर अजून काही बोललेला नाही. नात आता तिच्यात बसत नाही, ती ढकलते. तिला खरं तर पांगुळगाडा हवा होता. गावच्या सुताराकडं तो आजही सोयाबीनच्या एका पायलीच्या भावात झाला असता, असं आबा सांगतात. पांगुळगाड्याची चौकशी त्यांनी पुढच्या पिढीसाठी राखून ठेवलेली आहे.

आणि आता पुण्याहून फोन आला. धाकट्या सुनेची आधीची सोनोग्राफी चाकणला झाली होती, या वेळी डॉक्टर बदलले, आणि जे पहिल्यांदाच सांगायला हवं होतं ते सातव्या महिन्यात कळलं. जुळं आहे. आजींनी लगेच दुसरा नारळ काढला. आबांनी टेप काढला. जुळ्यांची शेजारी-शेजारी बसायची गाडी साधारण ७५ सेंटिमीटर रुंद असते, आणि जुन्या घराची सागवानी चौकट निघाली सत्तावीस इंच. एकामागं एक बसायची गाडी दारातून जाते, पण ती लांब, तिला ओट्याच्या पायऱ्यांवर वळता येत नाही. आबांनी चौकट काढता येते का म्हणून मिस्त्रीला बोलावलं. मिस्त्रीनं चौकट बघितली, पायऱ्या बघितल्या, विडी पेटवली आणि म्हणाला, "गाडी भाईर ऱ्हाऊ द्या की, आबा. लेकरं उचलून आत घ्या."

हा सल्ला आबांनी तिथंच बाद केला. त्यात मोजायला काहीच नव्हतं.